आधी कोरडं, मग ओलं: धुळीच्या मोसमानंतर गेस्ट हाउसची मोठी सफाई

रोजची सफाई नीट होत असेल तर ही वेगळी मोठी सफाई कशाला, असा प्रश्न नव्या माणसाला पहिल्याच दिवशी पडतो. उत्तर पंख्याच्या पात्यांवर असतं. वरची बाजू खालून दिसत नाही, चेक-आउटनंतरच्या अर्ध्या-पाऊण तासात हात तिथवर पोचत नाही, आणि कोरड्या वाऱ्याचे महिने संपेपर्यंत तिथे धुळीची चक्क साय धरलेली असते. कपाटाचा माथा, दाराच्या फळीची वरची कड, एसीची पाठ, पडद्याची दांडी, पलंगाच्या खालच्या फळ्या अशा जागा मोजायला लागलात तर एकेका खोलीत सहज पंधरा-वीस निघतात.

माझी पहिली मोठी सफाई चांगलीच फसली होती. खोली झाडली, फरशी लख्ख पुसली, पलंगावर धुतलेली चादर घातली आणि मग वर पाहिलं तर पंखा राहिलेला. शिडी लावून ओल्या फडक्याने तो पुसायला गेलो आणि चादरीवर तपकिरी थेंबांची नक्षी उमटली. त्या दिवशी एक गोष्ट कळली, ती अशी की आपण ज्याला सफाई म्हणतो त्यात बहुतेक वेळा धूळ फक्त जागा बदलते. पंख्यावरची चादरीवर येते, चादरीवरची फरशीवर, फरशीवरची कॉरिडॉरमध्ये, आणि तिथून शेजारच्या खोलीत. खाली जो क्रम दिला आहे तो सगळा धूळ इमारतीबाहेर कशी जाईल, या एकाच हिशेबाने लावला आहे.

खोल्या कधी आणि कशा बंद ठेवायच्या

वारा पडल्याशिवाय सुरुवात करू नका. दोन दिवसांनी पुन्हा वावटळ आली तर केलेलं काम मातीमोल होतं, अगदी शब्दशः.

चालत्या गेस्ट हाउसमध्ये सगळ्या खोल्या एकदम रिकाम्या मिळत नाहीत आणि मिळवायचा हट्टही धरू नये. एका वेळी शेजारशेजारच्या दोन खोल्या घ्या, कॉरिडॉरच्या शेवटाकडून सुरुवात करा आणि जिन्याकडे सरकत या. झालेल्या खोल्या मागे राहतात आणि कामाची धूळ त्यांच्या दारावरून जात नाही. बुकिंगच्या वहीत किंवा संगणकावर त्या दोन खोल्या दोन दिवस बंद दाखवा. मालक किंवा मॅनेजर एका दिवसासाठी घासाघीस करतील. त्यांना कारण सांगता आलं पाहिजे, म्हणून ते समजून घ्या.

झाडताना उडालेली जाड धूळ लगेच खाली येते. बारीक धूळ येत नाही. १० मायक्रॉनचा कण (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) स्थिर हवेत छतापासून जमिनीपर्यंत यायला दहा-पंधरा मिनिटं घेतो, अडीच मायक्रॉनच्या कणाला दोन-चार तास लागू शकतात. म्हणजे झाडल्यावर लगेच पुसायला घेतलंत तर निम्मी धूळ अजून तुमच्या डोक्यावर तरंगत असते आणि संध्याकाळी स्वच्छ टेबलावर येऊन बसते. म्हणून पहिला दिवस कोरड्या कामाचा, रात्र धूळ बसायला आणि दुसरा दिवस ओल्या कामाचा. अगदीच अडचण असेल तर सकाळी दोन्ही खोल्यांचं कोरडं काम उरका, चार तास दारं बंद ठेवा आणि मग ओलं काम घ्या. यापेक्षा घाई नको.

इमारतीचाही क्रम ठरलेला असतो. आधी गच्ची, खिडक्यांवरचे सज्जे आणि एसीची बाहेरची युनिट, मग खोल्या, त्यानंतर कॉरिडॉर आणि जिना, शेवटी स्वागतकक्ष. सज्जावर माती तशीच ठेवून आतली काच पुसणं म्हणजे पुढच्या झुळकेला आमंत्रण. आवाजाची कामं चेक-आउट आणि चेक-इनच्या मधल्या वेळात बसवा, आणि दम्याचा त्रास असलेले पाहुणे शेजारी असतील तर त्यांना त्या दिवशी वेगळ्या मजल्यावर खोली द्या.

सामान

व्हॅक्यूम क्लीनर हवाच, आणि तो हेपा फिल्टरचा असेल तर उत्तम. हा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो. साध्या फिल्टरची यंत्रं जाड कचरा पोटात घेतात आणि बारीक धूळ मागून बाहेर सोडतात. खात्री करायची असेल तर खोलीत अंधार करून यंत्र चालू करा आणि त्याच्या मागच्या जाळीसमोर टॉर्च धरा, प्रकाशाच्या झोतात सगळं दिसतं. तुमचं यंत्र तसं निघालं तर ते फक्त जाड थरासाठी वापरा आणि बाकीचं काम किंचित ओलसर फडक्यावर सोपवा. पिसांचा झटकणा मात्र कायमचा बाद करा. तो धूळ उचलत नाही, नुसती उडवतो.

मायक्रोफायबरची फडकी भरपूर ठेवा, एका खोलीला दहा-बारा तरी. फडकं दोनदा दुमडलं की त्याच्या आठ बाजू मिळतात. एक बाजू मळली की दुसरी काढा आणि आठही झाल्या की फडकं धुवायला टाका. बादलीत पिळून पुन्हा तेच वापरायची सवय मोडायला वेळ लागतो, पण मोडाच. धुताना त्यात कपडे मऊ करणारं सॉफ्टनर घालू नका, त्याचा थर बसला की धाग्यांची धूळ पकडायची ताकद जाते. सुती टॉवेलांबरोबरही धुऊ नका, टॉवेलांचे तंतू त्यांना चिकटतात.

रंग ठरवून घ्या. हाउसकीपिंगमध्ये सर्वसाधारणपणे लाल फडकं कमोडसाठी, पिवळं बेसिन आणि न्हाणीसाठी, निळं खोलीसाठी आणि हिरवं खाण्यापिण्याच्या जागेसाठी असतं. तुमच्याकडे वेगळं चालत असेल तर चालू द्या, फक्त ते भिंतीवर लिहून लावा.

स्वतःसाठी एन-९५ मास्क, छताचं काम करताना चष्मा आणि हातमोजे. नाकाला रुमाल बांधून बारीक धूळ थांबत नाही. शिडी घडीची, चारही पाय टेकलेली हवी. पलंगावर खुर्ची ठेवून पंखा पुसणारे महाभाग प्रत्येक ठिकाणी असतात, तुम्ही त्यांच्यात जाऊ नका.

पहिला दिवस: पाण्याला हात लावायचा नाही

आत शिरल्यावर लगेच काम सुरू करू नका. टॉर्च घेऊन एक फेरी मारा. सैल नळ, तडकलेलं बटण, ओल आलेली भिंत, जे दिसेल ते लिहून घ्या, कारण दुरुस्तीची तोडफोड सफाईच्या आधी व्हायला हवी. त्याच फेरीत गादीच्या शिवणी, पलंगाचे सांधे आणि डोक्याकडच्या फळीची मागची बाजू नीट पाहा. काळे ठिपके, कातीसारखी टरफलं किंवा साधारण ५ मिलिमीटरचा तांबूस-तपकिरी, चपटा किडा दिसला तर ते ढेकूण आहेत. अशा वेळी खोलीतलं काहीही बाहेर नेऊ नका, गादी शेजारच्या खोलीत टेकवून ठेवायची चूक तर मुळीच नको. खोली बंद करा आणि वरिष्ठांना सांगा. ते काम वेगळं आहे.

सगळं ठीक असेल तर चादरी आणि अभ्रे काढा. झटकू नका. कडा आत घेत गुंडाळा आणि खोलीतच पिशवीत भरून तोंड बांधा. पडदेही तसेच, वरून खाली न ओढता घडी आत घालत उतरवा. प्रत्येक पडद्याला खोलीचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी लावा आणि हूक वेगळ्या पुडीत ठेवा. धुऊन आलेले वीस एकसारखे पडदे कुठल्या खिडकीचे, हे ओळखत बसण्यात माझा एक अख्खा दिवस गेलेला आहे.

गादीवर जुनी चादर टाका. टीव्हीवरही टाका. स्मोक डिटेक्टरला प्लास्टिकची टोपी घाला आणि दाराच्या आतल्या बाजूला ठळक अक्षरांत कागद लावा: ‘टोपी काढली का?’ ही टोपी विसरली तर खोली दिसायला स्वच्छ असते आणि आग लागली की मुकी राहते. पंख्याचा आणि एसीचा वीजपुरवठा मेन बोर्डावरून बंद करा. दाराच्या फटीला आतून ओला टॉवेल लावला की धूळ कॉरिडॉरमध्ये जात नाही. बाहेर वारा नसेल तर खिडकी उघडी असू द्या.

आता काम वरून खाली. ‘आधी कळस, मग पाया’ हे एरवी आपण कुणाची फजिती करायला म्हणतो, सफाईत तोच नियम आहे. छताच्या कोपऱ्यांतली जळमटं लांब दांड्याच्या ब्रशने गुंडाळत काढा. फासलं तर भिंतीवर काळा पट्टा उमटतो. मग पंखा. त्यासाठी जुना अभ्रा घ्या, पात्यावर उशीसारखा चढवा, वरून-खालून दाबत टोकाकडे ओढा. सगळी धूळ अभ्र्याच्या आत राहते. पाती वाकतील एवढा जोर लावू नका, नाहीतर पंखा डुलायला लागेल. त्यानंतर दिवे, पडद्याची दांडी, कपाटाचा माथा, तसबिरींची मागची बाजू, दाराची वरची कड, स्विचबोर्ड. दारापासून निघा, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरा आणि दारापाशी परत या, म्हणजे काही सुटत नाही.

माळ्यावर किंवा सज्जावर उंदराच्या लेंड्या किंवा कबुतरांची विष्ठा दिसली तर कोरडा झाडू लावू नका, व्हॅक्यूमही नको. त्यातून उडालेली धूळ फुप्फुसांत गेली तर आजार होऊ शकतो. मास्क आणि हातमोजे घालून जंतुनाशकाच्या पाण्याने ती जागा भिजवा, पाच-दहा मिनिटं थांबा आणि कागदाने उचलून पिशवीत बांधून टाका. कोरड्या दिवसाला एवढाच अपवाद.

एसीवर थोडा वेळ घालवा, कारण पाहुणा खोलीत शिरला की पहिलं बटण तो एसीचं दाबतो आणि आत साठलेली धूळ दहा मिनिटांत खोलीभर होते. पुढचं झाकण उघडून जाळीचे फिल्टर काढा, आधी व्हॅक्यूम करा, मग बाहेर नेऊन कोमट पाण्याखाली धुवा आणि सावलीत वाळवा. कडक उन्हात जाळी आक्रसते आणि मग खाचेत बसत नाही. मागे दिसणाऱ्या पातळ पत्र्यांच्या रांगा म्हणजे फिन्स. त्यांवर मऊ ब्रश उभ्या दिशेनेच फिरवा, आडवा फिरवला तर त्या दुमडतात आणि हवा अडते. आतल्या कॉइलची प्रेशरच्या पाण्याने धुलाई मेकॅनिककडून करून घ्या. मात्र ड्रेनचा पाइप तुम्हीच तपासा. धुळीच्या दिवसांत त्यात गाळ बसतो, पुढे हवा दमट झाली की पाणी उलटं फिरतं आणि नेमकं पलंगावर टपकतं. पाइपच्या बाहेरच्या टोकाला व्हॅक्यूम लावून ओढून घेतला की गाळ निघतो, पण त्यासाठी ओलं ओढणारं व्हॅक्यूम हवं.

मग गादी. व्हॅक्यूमचं तोंड अगदी सावकाश फिरवा, आधी उभं, मग आडवं. शिवणी आणि बटणांच्या खळग्यांत अरुंद नळी घाला. गादी उलटवून दुसरी बाजू, मग पलंगाच्या फळ्या. सोफ्याच्या गाद्या उचलून खालची फट साफ करा, तिथे नाणी, पिना आणि कधीकधी कानातलं सापडतं. ते पाकिटात घालून तारीख आणि खोलीचा क्रमांक लिहून जमा करा.

खिडकीच्या रुळातली माती आजच काढायची. तिच्यावर पाणी पडलं की चिखल होतो आणि कोपऱ्यात तो सिमेंटसारखा घट्ट बसतो. जुना दात घासायचा ब्रश घ्या, माती मोकळी करा, व्हॅक्यूमने ओढा. रुळाच्या बाहेरच्या कडेला पाणी निघून जाण्यासाठी बारीक भोकं असतात, ती तारेने मोकळी करा. ती बुजलेली राहिली तर पहिल्या जोरदार पावसात पाणी खोलीत येतं. डासांची जाळी शक्य असेल तर काढून बाहेर न्या.

शेवटी फरशी, तीही झाडूने नाही, व्हॅक्यूमने. पिशव्या थेट इमारतीबाहेर. दार बंद करून चालू लागा.

दुसरा दिवस

सकाळी दार उघडलं की टेबलावर पुन्हा पातळ थर दिसेल. निराश होऊ नका, त्याचीच वाट पाहत होतो. ओलसर फडक्याने तो अलगद उचलून घ्या.

काच पुसण्याआधी तिच्यावरून कोरडा मऊ ब्रश फिरवा. धुळीत वाळूचे, म्हणजे क्वार्ट्झचे कण असतात आणि क्वार्ट्झ काचेपेक्षा कठीण असतं. थेट घासलंत तर जे ओरखडे पडतात ते जन्मभराचे. मग साबणाचं सौम्य पाणी लावा, वायपर वरून खाली ओढा आणि प्रत्येक ओढीनंतर त्याचं रबर पुसा. ऊन काचेवर असताना हे काम करू नका, पाणी ओढण्याआधीच वाळतं आणि पट्टे राहतात.

भिंती धुण्याजोग्या रंगाच्या असतील तर त्या मात्र खालून वर पुसा. वरून सुरू केलं तर मळकं पाणी खालच्या कोरड्या भिंतीवरून ओघळतं आणि ते ओघळ मागाहून निघत नाहीत. आधी कोपऱ्यात हातभर जागा पुसून रंग सुटत नाही ना, ते पाहा. लाकडी सामानाला घट्ट पिळलेलं फडकं रेषांच्या दिशेने आणि लगेच कोरडं फडकं. टीव्हीवर किंवा स्विचबोर्डावर काहीही फवारू नका. रिमोट, दाराची मूठ, बटणं, फोन ही सगळ्यांचे हात लागणारी ठिकाणं शेवटी जंतुनाशकाने, तेही फडक्यावर घेऊन.

बाथरूममध्ये धुळीपेक्षा क्षार जास्त त्रास देतात. एक्झॉस्टची जाळी मात्र विसरू नका, तिथे धूळ आणि वाफ मिळून नमदा तयार होतो. नळांवरचे पांढरे डाग सायट्रिक आम्लाच्या पाण्याने सुटतात, कारण ते डाग कॅल्शियम कार्बोनेटचे असतात. संगमरवरही त्याचाच बनलेला असतो, म्हणून बेसिनचा ओटा संगमरवरी असेल तर तिथे लिंबू, व्हिनेगर, सायट्रिक काहीही लावू नका, चकाकी कायमची जाते. शॉवरचं तोंड काढून त्या पाण्यात भिजत ठेवा. खोली बरेच दिवस बंद असेल तर आधी गरम आणि गार दोन्ही नळ काही मिनिटं सोडा. २० ते ४५ अंशांच्या साचलेल्या पाण्यात लेजिओनेला नावाचा जीवाणू वाढतो आणि शॉवरच्या तुषारांतून श्वासात जातो, तेव्हा शॉवर सुरू करून लगेच बाहेर या. जमिनीच्या जाळीत मगभर पाणी ओता. जाळीखालच्या सापळ्यातलं, म्हणजे वास अडवणाऱ्या वाकड्या नळीतलं, पाणी आटलं की गटाराचा वास वर येतो आणि लोक उगाच फिनेल ओतत बसतात.

रसायनांबाबत एक गोष्ट नीट ऐका. ब्लीच आणि आम्लाचा टॉयलेट क्लीनर कधीही एकत्र आणू नका. एकावर दुसरं ओतलं तर क्लोरीन वायू सुटतो, आणि छोट्या बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. ब्लीच आणि अमोनिया असलेला काच-क्लीनर यांचंही तसंच. डाग जात नाही म्हणून ‘दोन्ही थोडं थोडं’ टाकणारे बरेच भेटतात. आम्ल वापरलं असेल तर भरपूर पाण्याने धुऊन टाका आणि जंतुनाशकाची पाळी नंतर, दार उघडं ठेवून. ५ टक्क्यांचं ब्लीच असेल तर एक लिटर गार पाण्यात २० मिलिलिटर पुरतं, त्याने ०.१ टक्क्याचं द्रावण होतं. आधी साबणाने धुवा, कारण मळ क्लोरीन खाऊन टाकतो. द्रावण लावल्यावर लेबलावर जेवढी मिनिटं लिहिली आहेत तेवढा वेळ ते ओलं राहू द्या. उरलेलं दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका.

फरशी सर्वांत शेवटी, खिडकीपासून दाराकडे मागे मागे येत. पोछ्याचं पाणी गढूळ दिसलं की बदला, ‘ही एक खोली होऊ दे’ म्हणून ओढू नका. गालिचा धुतला असेल तर पंखे लावून २४ तासांत, फार तर ४८ तासांत पूर्ण वाळला पाहिजे, नाहीतर बुरशीचा कुबट वास धरतो.

चादरी आणि अभ्रे ६० अंशांच्या पाण्यात धुतले की धुळीतले डोळ्यांना न दिसणारे किडेही मरतात. पडदे मात्र थंड पाण्यात धुवा आणि किंचित ओलसर असतानाच टांगा, स्वतःच्या वजनाने सरळ होतात, इस्त्रीचा त्रास वाचतो.

खोली द्यायच्या आधी

दिवे बंद करा, टॉर्च टेबलाच्या पातळीवर आडवा धरा आणि प्रकाश पृष्ठभागावरून सरपटू द्या. वरून पडलेल्या उजेडात जे दिसत नाही ते या तिरक्या उजेडात रांगोळीसारखं उठून दिसतं. पलंगावर आडवे पडून वर पाहा, पाहुणा तेच पाहणार आहे. डिटेक्टरची टोपी काढा आणि चाचणीचं बटण दाबा.

कॉरिडॉर आणि जिन्यात सांगण्यासारखं फार नाही. रोज संध्याकाळी ओला पोछा, कठडे, दिव्यांची झाकणं. बाहेरच्या दारापाशी मात्र एकाऐवजी दोन पायपुसणी घाला, बाहेर खरखरीत आणि आत मऊ, आणि ती रोज बाहेर नेऊन झटका. पाण्याच्या टाकीचं झाकण नीट बसत नसेल तर तळाशी गाळ असणार, तीही याच आठवड्यात धुऊन घ्या. हाउसकीपिंगची कोठी सगळेच विसरतात. तिथल्या फळ्यांवरच्या जादा रजया आणि ट्रॉलीची चाकं धुळीनेच भरलेली असतात, आणि तीच ट्रॉली तुम्ही साफ केलेल्या खोलीत घेऊन जाता.

आठवड्याने प्रत्येक खोलीतला एसीचा फिल्टर पुन्हा उघडा. कोपऱ्यांत दडून राहिलेली धूळ हवा फिरायला लागली की तिथेच येऊन जमते. पातळ करडा थर असेल तर फिल्टर धुऊन परत बसवा. जाड असेल तर खिडकीची एखादी फट बंद झालेली नाही. रात्री दिवा लावून बाहेर उभे राहिलात की ती कुठे आहे ते दिसतं.